घराचे कागद

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. आपली कंपनी विकायचा व्यवहार सोमवारी पूर्ण झाला. आधी सांगता आलं नाही, कारण बाहेर काही बोलायचं नाही असं लिहून दिलं होतं. तुमच्यापासून लपवायचं म्हणून नव्हे.

बाबा, चालतं युनिट का विकलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आवाजात होतं. ऑर्डरी होत्या. पण छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा असूनही हातात यायला तीन-चार महिने जातात. रबर साच्यात दाबायचा नवा प्रेस घ्यायचा म्हणजे पुन्हा कर्ज, पुन्हा तुमची सही, पुन्हा घर तारण. तुमच्या सत्तरीत मला ते नको होतं.

दुसरे एक जण जास्त देत होते, पण त्यांना नुसती मशिनं आणि गिऱ्हाइकं हवी होती. ज्यांना विकली, त्यांनी कंपनीचे शेअर्स घेतले. कंपनी तीच राहिली, त्यामुळे भोसरीतल्या आपल्या माणसांची नोकरी आणि ग्रॅच्युइटीची वर्षं सलग राहिली. आधी अटी वाचायच्या आणि मग आकडा, हे मी या सहा महिन्यांत शिकले. दहा टक्के रक्कम दीड वर्ष एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, अडकलीय. जुनं काही देणं निघालं तर त्यातून कापतील. पण आई, तू सुतळीनं बांधून ठेवलेली पहिल्या वर्षांची पीएफची चलनं त्यांच्या सीएनं सगळ्यात आधी मागितली. एकही कमी नव्हतं. रबरी ओ-रिंगांची कड कात्रीनं कापत तू रात्री टेबलाशी बसायचीस, ते तेव्हा फार आठवलं. सही करताना तर बाबांचा शर्ट धरून उभं राहावंसं वाटलं, शाळेच्या पहिल्या दिवसासारखं.

काळजी करू नका. दोन वर्षं मी तिथेच आहे, पगारावर. गाडी आणि ड्रायव्हर तुमच्यासाठी राहतील. कंपनीच्या मेडिक्लेमऐवजी त्याच विमा कंपनीची पॉलिसी तुमच्या नावावर करून घेतलीय, आधीची वर्षं धरून.

आता ऐका. कर्ज पूर्ण फिटलंय. आता बँकेकडून घराचे मूळ कागद परत मिळायला हवेत. पण बाबा, तुम्ही एकटे बँकेत जाऊन वाद घालू नका, बीपी वाढतं. मी शनिवारी येते, बरोबर जाऊ. गुंतवणुकीचे फॉर्म घेऊन कुणी घरी आलं तर चहा द्या, सही देऊ नका.

आणि आई, गुडघा दाखवायला ‘कंपनीचं मार्गी लागू दे’ म्हणत होतीस ना? लागलं. मंगळवारची वेळ घेतलीय.

तुमची,
छकुली