बंदोबस्तातून निवृत्त झालेल्या हवालदार काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. मोर्च्याच्या स्वयंसेवकांना शिकवायला माजी पोलीस कशाला, असं म्हणत नाकं मुरडणारे आमच्यात होतेच. पण सकाळी सहापासून उन्हात उभ्या असलेल्या शिपायाला मागणी दिसत नाही, गर्दी तेवढी दिसते, हे आम्हाला दुसऱ्या कुणी इतकं उघड सांगितलं नसतं. मनापासून आभार.

अर्जापासून तुम्ही सुरुवात केलीत. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेत अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. संख्या खरी लिहायची. पाचशेचे पाच हजार लिहिले की दंगा नियंत्रण पथक दारात येतं. पाच हजारांचे पाचशे लिहिले की अपुरा बंदोबस्त गांगरतो आणि गांगरलेला शिपाई लवकर लाठी उचलतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश चालू आहे का, हेही आधी बघायचं. त्यात काठ्या बाळगायला बंदी असते, म्हणून झेंड्याचा जाड बांबूसुद्धा अंगाशी येतो. फलक सुतळीने गळ्यात अडकवायचे, ही युक्ती तुमचीच. हात मोकळे राहतात आणि ते रिकामे आहेत हे समोरच्यालाही दिसतं.

दोराचा धडा तर अख्ख्या शहराला द्यायला हवा. दोर सुती हवा. रेटा आला की नायलॉनचा तळहात सोलतो. दर पाच फुटांवर गाठ आणि प्रत्येक गाठीवर एक स्वयंसेवक. दोर कमरेला किंवा खांबाला बांधायचा नाही, कारण चेंगराचेंगरी झाली तर तो त्याच क्षणी सोडता आला पाहिजे. शालिमारहून सीबीएसकडे, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकाकडे, येताना एक बाजू रुग्णवाहिकेला रिकामी. दर शंभर माणसांमागे मोकळी जागा, म्हणजे मागचा धक्का पुढच्या रांगेपर्यंत आणि तिथून बॅरिकेडवर पोचत नाही. बॅरिकेड हललं की लाठीला निमित्त मिळतं, आणि बहुतेक वेळा ते ढकलणाऱ्याला आपण ढकलतोय हे माहीतही नसतं.

कुठून दगड आला तर सगळ्यांनी खाली बसायचं. फेकणारा एकटा उभा उरतो, कॅमेऱ्यालाही दिसतो आणि आपल्यालाही. मात्र लाठीमार सुरू झाला असेल किंवा मागून लोंढा येत असेल, तर बसणं जिवावर बेततं. तेव्हा पळायचं नाही, भिंतीच्या कडेने चालत निघायचं. पडलात तर कुशीवर, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. लाठी कधीही धरायची नाही. धरली की सरकारी कर्मचाऱ्यावर बळ वापरल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा, गुन्हा चिकटतो आणि तो अजामीनपात्र आहे. अश्रुधूर आला तर डोळे चोळायचे नाहीत. वाऱ्याच्या उलट दिशेला सरकून साध्या पाण्याने धुवायचे.

नाशिकला शिस्त बाहेरून आणावी लागत नाही. मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या बंद दरवाज्यांसमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तुकड्यांनी बसले होते. इथली जुळवाजुळव दादासाहेब गायकवाडांची. २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च ६ मार्चला सीबीएस चौकातून निघाला आणि दहावीच्या मुलांची अडचण नको म्हणून मुंबईतला शेवटचा टप्पा रात्रीच चालून गेला. त्या माणसांवर लाठी उगारायला कुठलं निमित्त सापडणार होतं?

तरीही लाठी पडते. तुम्ही ते कधी नाकारलं नाहीत, याचं आम्हाला विशेष वाटतं. लाठी कमरेखाली मारायची असं शिकवतात आणि प्रत्यक्षात ती डोक्यावर बसते, हे तुम्हीच सांगितलंत. गर्दी काबूत आल्यावरही मारत राहणं हा बळाचा अतिरेक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अनिता ठाकूर प्रकरणात २०१६ साली स्पष्ट म्हटलं आहे. कोर्टात ते दाखवायचं तर पुरावा लागतो. लाठीचा वळ म्हणजे दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टा. त्याचा फोटो त्याच दिवशी काढायचा, एक चेहऱ्यासकट आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. दोन दिवसांनी रंग बदलल्यावर पुन्हा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मार कशाने लागला हे स्पष्ट सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय नोंद, करायला लावायची. ‘पडलो’ म्हणालात की केस तिथेच संपली. उलटी झाली किंवा गुंगी आली तर आधी उपचार, कागद मागून. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दाबून लहान होतो, म्हणून मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवायची.

अटक झाली तर पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं, हे सगळं मागून घ्यायचं. अपवाद सोडता सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे, पण रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा भरवसा नाही. तिथलं चित्रण जतन करा, असा लेखी अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यायचा.

एका मुद्द्यावर मात्र आपलं जुळत नाही. आधी वरिष्ठांना समक्ष भेटा, तक्रार नंतर, असं तुम्ही म्हणता. आमच्या मते लेखी तक्रार त्याच दिवशी, भेट नंतर. मानवी हक्क आयोगाला एक वर्षाची मुदत असली तरी साक्षीदार आठवड्याभरात पांगतात. पुढच्या सरावाला याल तेव्हा यावर भांडूच.

आपले,
मोर्च्याचे स्वयंसेवक, नाशिक