बाबा, लोखंडाची गोगलगाय पाहिली मी

बाबा अन् आई, नमस्कार. आजीले पाया पडते म्हणून सांगा.

परवा फोनवर तुम्ही म्हणाले की सोयाबीन दोन पानांवर आलं अन् धुऱ्यावरून गोगलगायी सुटल्या, रात्री टॉर्च घेऊन वेचून राहिलो. तवापासूनच लिहीन म्हणत होती, कारण मी पण इथं जर्मनीत गोगलगायीच पाहून राहिली, फक्त समुद्राच्या तळच्या.

ही लोखंडाची गोगलगाय आपल्याच हिंदी महासागरात राहते, जवळपास अडीच हजार मीटर खाली, जिथं उन्हाचा कवडसाही पोचत नाही अन् जमिनीच्या भेगांतून कढत काळं पाणी वर येते. २००१ मध्ये सापडली, क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम हे नाव २०१५ मध्ये मिळालं. आपण म्हणतो ना गोगलगाय अन् पोटात पाय, तर हिच्या त्या पायावर लोखंडाचे खवले असतात, आपल्या जुन्या घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. लॅबमध्ये मले बरणीतली एक चिमट्यानं काढून दाखवली, चारेक सेंटीमीटरची, खवले सीताफळाच्या बियांसारखे काळे चकचकीत. लोहचुंबकाकडे खेचल्या जाते बाबा ती! अन् नीट नाही ठेवली तर विळ्यासारखी गंजते.

ती अंगातलं गंधक खवल्यांच्या बारीक नळ्यांतून बाहेर टाकते, पाण्यातलं लोखंड त्याले येऊन मिळते अन् थर बसते. जिथं पाण्यात लोखंडच कमी, तिथली हीच जात पांढरी असते.

अन् खाते काय, तर तिले चरावंच लागत नाही. तुम्ही पेरायच्या आधी बियाण्याले रायझोबियम लावता, मग मुळाले गाठी येतात अन् त्यातले जिवाणू झाडाले नत्र देतात, तसंच हिच्या अन्ननलिकेपाशी एक मोठी पिशवी आहे, त्यातले जिवाणू त्या कढत पाण्यातल्या सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूवर जगतात अन् हिलेही पोसतात. त्याईले ऑक्सिजन पुरवायले हिचं हृदय एवढं मोठं की शरीराचा ४ टक्के भाग तेच. मले हे वाचून रात्री झोप नाही आली.

पण जीव लागला म्हणून काळजीही वाटते. २०१९ मध्ये तिले धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत टाकलं, समुद्रतळाच्या खाणीपायी त्या यादीत गेलेली ती पहिली जात. तवा माहीत असलेल्या तिच्या तिन्ही जागा मिळून जवळपास दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर, आपल्या वावराएवढ्या. त्या कढत पाण्यापाशी तांबं, जस्त, सोनं साचते ना, म्हणून तिथं शोध चालू आहे. वणीकडे मामाचं वावर कोळशाच्या खाणीत गेलं तवा मामा पैसे घेऊन दुसरीकडे गेला तरी, हिले दुसरीकडे जायले जागाच नाही, ते कढत पाणी जिथं तिथंच ती.

दादाच्या मोबाईलवर फोटो टाकते, आजीले मोठा करून दाखवा, बाजूले माझं बोट ठेवलं आहे मापासाठी. तुमच्यावाल्या वेचाच बाबा, पीक वाचलं पाहिजे. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट ठेवले का धुऱ्यावर? कळवा.

तुमची,
ताई