गिझरसाठी सहा अँपिअरचे सॉकेट नको

मा. संपादक महोदय,

थंडी पडली की दोन हजार वॅटचे गिझर आणि हीटर सर्रास साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावले जातात, म्हणून हा पत्रप्रपंच. २००० वॅटला २३० व्होल्टने भागले तर विद्युतप्रवाह सुमारे ८.७ अँपिअर येतो, आणि लहान सॉकेट असते ६ अँपिअरचे. हे शालेय गणित बोर्ड विकत घेताना मात्र कोणी करत नाही. २३० ला ८.७ ने भागले की कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम निघतो. खरा धोका कॉइलमध्ये नसून सैल पिनेत आहे. तेथे अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्रानुसार त्या इवल्याशा जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता तयार होते. तारा झाळण्याचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते! प्लगभोवतीचे काळवंडलेले प्लास्टिक हा त्याचाच पुरावा. अशा वेळी एमसीबीही (प्रवाह जास्त झाल्यास वीज आपोआप तोडणारे बटण) पडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसून उलट किंचित घटलेला असतो. उत्पादकांनी अशा बोर्डवर ‘कमाल १३८० वॅट’ असे ठळक मराठीत छापावे आणि गिझर बसवणाऱ्याने १६ अँपिअरच्या सॉकेटखेरीज जोडणीच देऊ नये.

– एक वीजग्राहक