आखाजीला लेक घरी आली की तिला एकदा नीट विचारा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आखाजी, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय तृतीया, तोंडावर आलीय, भाऊ बहिणींना घ्यायला निघतील, झोके बांधले जातील, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होईल, पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसतील. चांगलंच आहे. पण चार दिवस राहून लेक परत जाते तेव्हा तिला सासरी काय चाललंय हे किती घरांत विचारतात हो? मला वाटतं बऱ्याच घरांत माहीत असतं, म्हणूनच विचारत नाहीत.

मी तालुक्याच्या गावी ब्लाऊज शिवते. या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाहेर 44 डिग्री ऊन आणि एखादी म्हणते बाही कोपराच्या खाली ने, मागचा गळा बंद कर, आणि माप घेताना टेप दंडाला लागला की अंग चोरते, मग ही काय फॅशन नाही हे कळतंच ना. मागे एक आली होती, सोबत सात-आठ वर्षांचा पोरगा. फोन वाजला की तो खेळणं सोडून आधी आईच्या तोंडाकडे बघायचा, कुणाचा फोन आहे ते तिथूनच ओळखायचा आणि एकदम चूप. मी विचारलं तर म्हणे, 'जाऊ द्या ना ताई, नशीबमा शे ते शे', नशिबात आहे ते आहे. लोक सांगतात लेकरांसाठी सहन कर. अहो लेकरंच तर रोज बघताहेत, कुणी अंथरूण ओलं करतं, कुणाचं शाळेत लक्ष लागत नाही, आणि मिसरूड फुटलं की तोच पोरगा आईवर डाफरायला लागतो कारण घरात असंच चालतं हे त्याने पाहिलंय.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांत साधारण एकीने नवऱ्याचा त्रास सोसल्याचं सांगितलंय, आणि देशभरात मार खाल्लेल्यांपैकी फक्त 14 टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली. ती पण जास्त करून माहेरच्यांकडे, पोलिसांपर्यंत फारच थोड्या गेल्या. म्हणजे लेक आधी आपल्याच दारात येते. आणि आपण काय करतो तर बैठक बसवतो, दोन्हीकडचे चार जाणते बोलावतो, जावई मान खाली घालून 'आता नाही होणार' म्हणतो, चहा होतो आणि पोरीला त्याच गाडीत बसवून देतो. त्या बैठकीत पोरीला बोलायला कुणी सांगतच नाही, ती आत चहा करत असते.

केस केली की संसार मोडला ही भीती सगळ्यांना असते, पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा (लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून) वेगळा आहे. त्यात घटस्फोट घ्यावा लागत नाही, नवऱ्याला थेट जेलमध्ये टाका असंही नाही. या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, कोर्ट मारहाण थांबवण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतं, आणि घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, तिला असंच बाहेर काढता येत नाही. आदेश मोडला तर मात्र 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता मारच नाही, टोमणे, धमक्या, कापूस वेचणीची मजुरी हिसकावणं, लाडक्या बहिणीचे 1500 नवऱ्याने काढून घेणं हे पण त्यात बसतं. 60 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय, कोर्टात किती लागतात ते ज्याने तारखा केल्यात त्यालाच विचारा, पण विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. कुणी म्हणेल खोट्या केसेस पण होतात, होत असतील, त्याने अंगावरचे वळ काय खोटे होत नाहीत.

आणखी एक, सरकारी दवाखान्यात गेलं की बायका 'ओट्यावरून पडले' सांगतात आणि केसपेपरवर तेच लिहिलं जातं, मग कोर्टात तोच कागद आडवा येतो. सोबत आई गेली असेल तर निदान तिने तरी खरं सांगावं.

साहेब, तुमच्या आखाजीच्या अंकात सोन्याच्या दुकानांच्या पानपानभर जाहिराती असतात. त्यातच चौकट करून 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (पोलिसांची तातडीची मदत) हे नंबर छापा, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या संरक्षण अधिकाऱ्यांचे ऑफिस नंबर पण. छापायच्या आधी प्रत्येक नंबर लावून बघा, जो कुणी उचलणार नाही त्याच्यापुढे तसं लिहा.

आपली वाचक,
एक शिवणकाम करणारी, जळगाव जिल्हा