भाट्याच्या किनाऱ्यावर रोजचा योग

महोदय,

२०१५पासून २१ जूनला योगदिनाचे फोटो छापून येतात. आमचा भाट्याच्या सुरूबनाजवळचा वर्ग मात्र बारमाही. पावसाळ्यात तेवढी कुणाची तरी पडवी. राजिवड्याच्या खाला (म्हणजे मावशी) पहाटेची फजरची नमाज आटोपून येतात, मी पूजा उरकून. सूर्यनमस्काराला मंत्र नाहीत, नुसते आकडे; गुडघ्यांची त्याला काहीच हरकत नाही. वज्रासनात खाला आम्हा सगळ्यांना मागे टाकतात. नमाजात तसं बसायची सवयच आहे ना! नंतर त्या मला उर्दू अक्षरं गिरवायला लावतात (माझा ‘ऐन’ अजून त्यांना पसंत नाही) आणि मी त्यांच्या नातीचं गणित घेते.

मागणी एकच. तिथला दिवा बंद आहे, पहाटे वाट दिसत नाही. संबंधितांनी तो गणपतीआधी लावावा.

– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी