सोनोग्राफीत विचारायला घाबरू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत डोहाळजेवण कधी, सातवा लागला की माहेरी कोण आणणार, हे सगळं आधीच ठरतं, पण 18 ते 22 आठवड्यांतली अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही दोष नाही ना हे बघणारी सोनोग्राफी, मात्र "करू की सवडीने" म्हणून पुढे जाते. मध्ये भाचीबरोबर गेले होते, तिथे गर्भलिंग तपासणी होत नाही असा तो मोठा बोर्ड आणि या कायद्याखाली भरायचा फॉर्म एफ बघून पोर इतकी धास्तावली की म्हणे, मावशी तू काही विचारू नकोस, केस होईल! अगं बाई, 1994 चा कायदा मुलगा की मुलगी ते सांगू नका म्हणतो, बाळात काही दोष आहे का हे विचारायला कुठे मनाई आहे, स्कॅन असते कशाला मग?

श्वासनलिकेचंच घ्या. पोटात बाळाला ऑक्सिजन नाळेतून मिळतो, त्यामुळे नळी बंद असली तरी आईला काही जाणवत नाही, कळतं ते एकदम नाळ कापल्यावर आणि तेव्हा हातात मिनिटंच असतात. सोनोग्राफीत मात्र खुणा दिसू शकतात, म्हणजे फुप्फुसांत तयार होणारं पाणी बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती फुगून पांढरी दिसतात, फुप्फुसांखालचा पडदा उलटा वाकतो, हृदय मध्ये चेपतं. गळ्यावर गाठ असेल किंवा हनुवटी फारच मागे असेल तर बाळाला गिळता येत नाही आणि गर्भजल वाढतं. आपण रिपोर्ट बघून म्हणतो, पाणी भरपूर आहे, छान! (ते शुगरमुळेही वाढतं म्हणा, पण विचारा तरी.)

आधी कळलं तर एमआरआय करता येतो, डिलिव्हरी कुठे करायची ते ठरवता येतं. 'एक्झिट' म्हणून पद्धत आहे, सिझेरियनमध्ये बाळाचं डोकं-खांदे बाहेर काढतात पण नाळ कापत नाहीत, आणि तेवढ्या वेळात घशात नळी घालतात नाहीतर गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करतात. भूलवाले, घशाचे, लहान मुलांचे, सगळे डॉक्टर एकाच ऑपरेशन थिएटरात तयार लागतात, ऐन वेळी रात्री दोनला फोन फिरवून हे जमत नाही. सगळीच बाळं वाचतात असंही नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर व्यंगासाठी 24 आठवड्यांपुढे गर्भपात करायचा तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, म्हणून तारीख टाळू नका.

सेंटरवाल्यांना एकच विनंती, त्या बोर्डाखाली हिंदीत आणि जमलं तर मराठीत अजून एक ओळ लिहा, बाळाच्या तब्येतीबद्दल जरूर विचारा.

एक वाचक, रामबाग, इंदूर