नागपूर विमानतळ ते कोलारा: परिवहन मंत्र्यांना एका होमस्टे चालविणारीचे खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: नागपूर विमानतळावरून उमरेड, चिमूरमार्गे कोलाऱ्यापर्यंत विमानांच्या वेळेशी जुळणारी एसटी बस सुरू करण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वारापासून थोड्या अंतरावर, आमच्या शेताला लागून असलेल्या घराच्या दोन खोल्या मी पर्यटकांना भाड्याने देते. स्वतंत्र स्वयंपाकघर, मागे अंगण आणि सकाळच्या सफारीला निघण्यापूर्वी चहा, एवढीच आमची सोय आहे. मुंबई, बंगळूर, हैदराबादकडचे लोक ती फोनवर ठरवतात आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो की, विमानतळावरून तुमच्याकडे यायचे कसे. या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मुंबईहून निघालेला माणूस साधारण दीड तासात नागपूरच्या सोनेगाव येथील विमानतळावर उतरतो. तेथून आमचे गाव सुमारे शंभर किलोमीटर आहे. मेट्रोचे एअरपोर्ट स्थानक टर्मिनलच्या दारात नसून वर्धा रोडवर आहे. तेथून मेट्रोने कॉटन मार्केटला उतरायचे, गणेशपेठच्या बसस्थानकावर जायचे, चिमूरची गाडी धरायची आणि चिमूरहून पुन्हा काळीपिवळी किंवा मिळेल ते वाहन शोधायचे, असा मार्ग मी सांगू शकते. मात्र दोन लहान मुले आणि तीन बॅगा घेऊन आलेल्या अनोळखी कुटुंबाला तो सांगताना माझीच मला लाज वाटते. माझ्याकडे आजवर आलेल्या विमानप्रवाशांपैकी एकही जण एसटीने आलेला नाही.

मग उरते खाजगी टॅक्सी. माझ्या एका खोलीचे एका रात्रीचे भाडे १८०० रुपये आहे आणि माझ्या पाहुण्यांना टॅक्सीसाठी एका फेरीचे चार ते साडेपाच हजार रुपये मोजावे लागतात. दोन रात्री राहून जाणाऱ्याला खोलीपेक्षा रस्ता महाग पडतो. परतीचे भाडे मिळत नाही हे चालकांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही, कारण रात्री नऊला आमच्या गावातून नागपूरला जाणारे कोण भेटणार? पण तो खर्च अखेर आमच्यासारख्यांच्या धंद्यातूनच वजा होतो. मोठ्या रिसॉर्टची स्वतःची गाडी विमानतळावर उभी असते, माझी नसते.

गेल्या एप्रिलमधील प्रसंग सांगते. विमान उशिरा उतरल्यामुळे पुण्याचे एक जोडपे सत्तरी ओलांडलेल्या आईसह संध्याकाळी साडेसातला नागपुरातून निघाले. चालकाने नकाशात नुसते ‘ताडोबा’ असे टाकले असावे, कारण गाडी वरोऱ्याकडे, म्हणजे मोहर्लीच्या वाटेला लागली होती. ताडोबाला अनेक प्रवेशद्वारे आहेत आणि मोहर्लीहून कोलाऱ्याला जंगलाच्या मधून जाता येत नाही, बाहेरून लांबचा वळसा घालावा लागतो, हे बाहेरगावच्या माणसाला कसे ठाऊक असणार? चूक लक्षात आल्यावर गाडी वळली, भाड्यावरून वाद झाला आणि रात्री अकराच्या सुमारास चालकाने त्यांना गावापासून तीन किलोमीटर अलीकडे फाट्यावर उतरवून दिले. आम्ही शेजाऱ्यांची बोलेरो घेऊन पोहोचलो, तेव्हा आजी बंद पानठेल्याच्या बाकड्यावर बसल्या होत्या. विमान कंपनीची चिठ्ठी अजून मुठीला लटकत असलेली एक बॅग, चाक निखळून, मुरमात आडवी पडली होती, आणि सूनबाई मोबाईलचा उजेड रस्त्यावर न टाकता झाडीच्या दिशेने धरून उभ्या होत्या. कोणी सांगितलेले नसताना त्यांना ते सुचले होते. त्याच फाट्याजवळून पंधरा दिवसांपूर्वी वाघाने गाय उचलली होती, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशीही सांगितले नाही.

महोदय, वाघ पाहायला आलेल्याला वाघाच्या वाटेवर अंधारात उभे करणे ही केवळ गैरसोय म्हणता येणार नाही. आम्ही गावकरी तर त्या फाट्यावर रोजच उभे असतो.

यावर माझी सूचना अशी आहे की, बस फक्त पर्यटकांसाठी नसावी. तशी ती चालणारही नाही. अर्धी रिकामी धावेल आणि सहा महिन्यांत तोट्याच्या नावाने बंद होईल. मिहानमधील एम्स रुग्णालय विमानतळापासून जवळच आहे आणि आमच्या भागातील रुग्ण तेथे तपासणीसाठी जातात. माझ्या सासूबाईंना नेताना आम्ही पहाटे चारला घर सोडतो, उमरेड रोडने नागपुरात शिरतो, गणेशपेठला उतरतो आणि तेथून ऑटोने पुन्हा दक्षिणेला, मिहानकडे जातो. म्हणजे रुग्ण आणि पर्यटक एकाच वाटेवर उलट दिशांनी हाल सोसत आहेत. पहाटे कोलाऱ्याहून निघून चिमूर, भिसी, उमरेडमार्गे एम्स आणि विमानतळ गाठणारी एक गाडी, आणि दुपारची विमाने उतरल्यावर विमानतळावरून सुटून एम्समधील रुग्णांना घेत अंधार पडण्यापूर्वी गावी परतणारी तीच गाडी, एवढ्याने दोघांचेही काम भागेल. सकाळची सफारी उजाडतानाच सुरू होत असल्याने पर्यटकाला आदल्या संध्याकाळीच पोहोचावे लागते, त्यामुळे ही वेळ त्यालाही सोयीची आहे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पण या सवलती ज्या वाटेवर गाडीच नाही तेथे कशा वापरायच्या?

जुलै ते सप्टेंबर या काळात ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भाग बंद असतो, तेव्हा पर्यटक कमी होतील, पण रुग्ण कमी होणार नाहीत. आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्यांचे नियोजन दरवर्षी करणाऱ्या महामंडळाला एका गाडीचे वेळापत्रक विमानांच्या वेळेशी जुळविणे अवघड जाईल, असे मला वाटत नाही.

बसला वेळ लागणार असेल, तर दोन लहान कामे आधी व्हावीत. विमानतळाच्या बाहेर पडण्याच्या दाराजवळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक फलक लावावा आणि त्यावर कोलारा, नवेगाव, मोहर्ली या प्रवेशद्वारांची नावे, प्रत्येकाचा वेगळा मार्ग, अंतर आणि टॅक्सीचे ठरवून दिलेले भाडे लिहिलेले असावे. दुसरे काम म्हणजे आमच्या फाट्यावर पत्र्याचे का होईना, एक निवारा आणि सौर दिवा.

पुढील हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होईल. गाडीची वेळ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ठरली, तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ती आगाऊ कळवीन आणि गावातील इतर होमस्टेवाल्यांनाही तसे करायला सांगेन. फाट्यावर दिव्याचा खांब उभा करायला जागा हवी असल्यास आमच्या शेताचा रस्त्यालगतचा कोपरा देण्यास माझे यजमान तयार आहेत.

आपली,
कोलारा परिसरातील एक होमस्टे चालविणारी
ता. चिमूर, जि. चंद्रपूर